अर्ध्या सेकंदाचा दंड

समजा तुमचे काका मोटारीने माहूरहून नांदेडला निघाले आहेत. किनवट मागे पडले, भोकर मागे पडले. वाटेत कुठे म्हशी आडव्या आल्या, कुठे बैलगाडी आली. काकांनी शांतपणे ब्रेक लावले. आता नांदेड शहरातला एक चौक समोर आहे. दिवा हिरवा आहे आणि काकांचा वेगही नियमात बसणारा आहे. चौक चाळीस-पन्नास मीटरवर आला असताना दिवा एकदम पिवळा होतो. ब्रेक लावावा तर गाडी पांढऱ्या रेघेच्या पुढे जाऊन थांबणार. तसेच पुढे जावे तर रेघ गाठेपर्यंत दिवा लाल होणार. काका पुढे जातात. काही दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर संदेश येतो : लाल दिवा ओलांडला, दंड भरा.

मग घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, एवढी घाई कशाला करायची? काका म्हणतात, मला थांबताच येत नव्हते. आता काकांचे हे म्हणणे खरे की नुसती सबब? वाद घालून याचा निकाल लागणार नाही. पण तुमच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील गतीची समीकरणे घेऊन बसलात, तर तो बऱ्याच अंशी लागू शकतो. आज आपण तेच करणार आहोत.

आधी या पिवळ्या दिव्याचे काम काय ते पाहू. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ उभा राहिला. तो गॅसवर चाले. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते, आणि महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन त्याचा कारभार आटोपला. पिवळा दिवा आला तो विजेच्या काळात. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स नावाचे एक पोलीस अधिकारी होते. त्यांनी १९२० साली चारी बाजूंना तीन रंग दाखवणारा सिग्नल बसवला. हिरव्यातून एकदम लाल झाला तर धावत्या गाडीने करायचे काय? ती काही भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारखी जागच्या जागी थिजत नाही. तिला थांबायला वेळ लागतो आणि अंतरही लागते. हा वेळ देणे एवढेच पिवळ्याचे काम. थोडक्यात, थांबता येत असेल तर थांबा आणि खरोखरच येत नसेल तर जपून पुढे जा, असे तो सांगतो. मग हा वेळ किती असावा, हाच खरा प्रश्न आहे.

गणित मांडू या

हिशेब सोपा जावा म्हणून काकांचा वेग ताशी ५४ किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर.

दिवा पिवळा झालेला डोळ्यांना दिसतो, मेंदू ठरवतो, पाय उचलून ब्रेकवर जातो. याला प्रतिक्रियाकाळ म्हणतात. मित्राने ३० सेंटिमीटरची पट्टी वरून सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी, हा खेळ तुम्ही खेळला असाल. पट्टी २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली तर तुमचा प्रतिक्रियाकाळ साधारण ०.२ सेकंद भरतो. पण तेथे तुम्ही पट्टीकडेच टक लावून बसलेले असता. रस्त्यावर आरसा पाहायचा असतो, सायकलवाल्याला सांभाळायचे असते, शिवाय थांबायचे की जायचे हेही ठरवायचे असते. म्हणून सिग्नलचे गणित करणारे अभियंते पूर्ण १ सेकंद धरतात. या एका सेकंदात काकांची मोटार १५ मीटर पुढे गेली. ब्रेक अजून लागलेलाच नाही!

आता ब्रेक लागला. वेग कमी होण्याच्या दराला आपण मंदन म्हणतो. आतल्या माणसांना गचका बसणार नाही असे मंदन दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंद इतके धरतात. थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. २२५ भागिले ६, म्हणजे ३७.५ मीटर. त्यात आधीचे १५ मिळवा. एकूण झाले ५२.५ मीटर. पिवळा लागला तेव्हा रेघ यापेक्षा जवळ असेल तर काकांना सुखाने थांबता येणार नाही.

दुसरी बाजू पाहा. पिवळा दिवा ३ सेकंद राहतो असे समजा. ब्रिटनमध्ये तो सर्वत्र ३ सेकंदच असतो. अमेरिकेत वेगानुसार ३ ते ६ सेकंद ठेवावा असे तेथील नियमपुस्तिका सांगते. वेग न बदलता ३ सेकंदांत काका ४५ मीटर जातील. म्हणजे रेघ ४५ मीटरच्या आत असेल तर लाल होण्यापूर्वी ती ओलांडता येईल.

आता ५२.५ आणि ४५ हे दोन आकडे शेजारी ठेवा. मध्ये साडेसात मीटरचा एक पट्टा उरला! पिवळा लागण्याच्या क्षणी ज्याची गाडी या पट्ट्यात आहे, त्याला थांबताही येत नाही आणि वेळेत रेघही गाठता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो दारू प्यायलेला नाही, त्याने वेग वाढवलेला नाही, मोबाइलवर तो बोलत नाही. तरीही तो नियम मोडणार हे त्याच्याआधी घड्याळानेच ठरवून टाकले आहे.

हा पट्टा नाहीसा करायचा तर पिवळा किती वेळ हवा? ५२.५ मीटर जायला सेकंदाला १५ मीटर या वेगाने साडेतीन सेकंद लागतात. म्हणजे काकांच्या चौकात फक्त अर्धा सेकंद कमी पडला. वेग ताशी ७२ किलोमीटर धरून हाच हिशेब स्वतः करून पाहा. पट्टा साडेसातवरून जवळजवळ २७ मीटरवर जातो, कारण थांबण्याच्या अंतरात वेगाचा वर्ग येतो.

विश्वाचे तापमान सांगणारा माणूस चौकात

हा आड-विहिरीचा पट्टा प्रथम नीट मोजून दाखवला तो डेनोस गेझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराड्युडिन या तिघांनी. जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधनशाळेतील या शास्त्रज्ञांनी १९६० साली पिवळ्या दिव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पिवळ्याचा काळ अंदाजपंचे ठरवला तर सरळमार्गी चालकही कोंडीत सापडतो, हे त्यांनी समीकरणांनी सिद्ध केले. गंमत म्हणजे यातले हर्मन तेच, ज्यांनी राल्फ आल्फर यांच्यासह १९४८ साली महास्फोटाच्या उरलेल्या उष्णतेचे तापमान निरपेक्ष शून्यावर सुमारे ५ अंश असावे असे भाकीत केले होते. ती उष्णता १९६५ साली सापडली आणि तापमान ३ अंशांच्या आसपास भरले. ज्या डोक्याने विश्वाचे तापमान काढले, त्याच डोक्याला चौकातला पिवळा दिवाही विचार करण्याजोगा वाटला. पुष्कळांना असले प्रश्न क्षुद्र वाटतात. मला तसे वाटत नाही.

गणित दोन्ही बाजूंनी बोलते

पण थांबा. ‘मी पट्ट्यात होतो’ असे कोणीही म्हणेल. ते खरे की खोटे कसे ओळखायचे? त्यासाठी एकच आकडा हवा : लाल लागल्यानंतर किती वेळाने गाडीने रेघ ओलांडली.

समजा कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे काकांनी लाल लागल्यावर ०.३ सेकंदाने रेघ ओलांडली. तीन सेकंद पिवळ्याचे आणि हे ०.३ मिळून ३.३ सेकंद. त्याला १५ ने गुणले की ४९.५ मीटर. पिवळा लागला तेव्हा काका रेघेपासून इतके दूर होते. थांबायला ५२.५ लागतात. काका पट्ट्यात होते. त्यांचे म्हणणे खरे.

आता त्याच चौकात, त्याच वेगाने जाणारा दुसरा एक मोटारवाला घ्या. त्याने लाल लागल्यावर २ सेकंदांनी रेघ ओलांडली. पाच गुणिले पंधरा, म्हणजे ७५ मीटर. या गृहस्थाला थांबायला २२ मीटरांहून अधिक जागा शिल्लक होती आणि तो थांबला नाही. ज्या गणिताने काकांना सोडवले, त्याच गणिताने याला पकडले. आपल्या चौकात तीन सेकंद पिवळा असताना सीमा अर्ध्या सेकंदावर आहे. त्याच्या आत असाल तर तुमच्या बोलण्यात तथ्य असू शकते. त्याच्या पलीकडे असाल तर मुकाट्याने दंड भरावा हे बरे. आणि वेगमर्यादा मोडून चाललेल्याने तर हा हिशेब पुढे करूच नये. त्याचा पट्टा त्यानेच रुंद केलेला असतो.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची मोटार ३ नव्हे, ६ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद या दरानेही वेग कमी करू शकते. मग थांबण्याचे अंतर ५२.५ वरून ३४ मीटरच्या आत येते. काकांनी ब्रेक करकचून का लावला नाही? याचे उत्तर एस. टी.त उभे राहून प्रवास केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नवरात्रात किंवा दत्तजयंतीला माहूरकडे येणारी खच्चून भरलेली बस अशी थांबली तर कंडक्टरसकट सगळे पुढे आदळतील. मागून येणारा मोटारसायकलवाला मागच्या बाजूवर धडकेल तो वेगळाच. पावसात तर असे मंदन मिळेलच याची खात्री नाही. म्हणूनच अभियंते सिग्नलचे वेळापत्रक आखताना करकचून लावलेला ब्रेक धरत नाहीत.

उतार आणि वळण

माहूरच्या मुलांना उताराबद्दल काही वेगळे सांगायला नको. रेणुकामातेच्या डोंगरावरून सायकल खाली आणताना ब्रेक किती दाबावा लागतो ते हातांना माहीत असते. उतारावर गुरुत्वाकर्षणाचा एक भाग गाडीला पुढे ओढतो. वीस मीटर जाताना एक मीटर खाली उतरणारा रस्ता घेतला तर तो भाग सुमारे ०.५ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद इतका भरतो. ब्रेकचे ३ त्यामुळे २.५ झाले. काकांचे थांबण्याचे अंतर आता १५ अधिक ४५, म्हणजे ६० मीटर, आणि पिवळा हवा ४ सेकंद. घाटाच्या वळणावर कोणी सिग्नल बसवत नाही हे खरे; पण उतार संपताच चौक असलेली गावे मराठवाड्यातही पुष्कळ आहेत. सपाट रस्त्याचे वेळापत्रक तेथे तसेच चालवले, तर चढाकडून येणाऱ्याला फायदा होतो आणि उताराकडून येणाऱ्याला दंड!

वळणाची गोष्ट याहून मजेदार आहे, आणि ती एका चलानातूनच निघाली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ बीव्हरटन नावाचे गाव आहे. तेथे राहणारे मॅट्स यार्लस्ट्रॉम हे मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेले. २०१३ साली त्यांच्या पत्नीला लाल दिवा ओलांडल्याबद्दल कॅमेऱ्याने पकडले. यार्लस्ट्रॉम यांनी १९६० चे समीकरण काढले आणि त्यातला एक कच्चा दुवा हेरला. ते समीकरण सरळ जाणाऱ्या गाडीचे आहे. वळणाऱ्या गाडीला रेघ गाठण्याआधीच वेग कमी करावा लागतो. साहजिकच तेवढेच अंतर जायला तिला जास्त वेळ लागतो.

आपल्या आकड्यांत बसवून पाहू. काकांना वळायचे आहे आणि वळणावर वेग सेकंदाला ५ मीटर हवा. पहिला सेकंद प्रतिक्रियेचा. मग १५ वरून ५ वर यायला १० भागिले ३, म्हणजे ३.३३ सेकंद; त्यात ३३.३ मीटर संपले. ब्रेकच्या ३७.५ मीटरांपैकी उरलेले ४.२ मीटर ५ च्या वेगाने जायला ०.८३ सेकंद. बेरीज झाली ५.१७ सेकंद. सरळ जाणाऱ्याला साडेतीन पुरत होते!

यार्लस्ट्रॉम यांनी हे गणित लोकांपुढे मांडले आणि राज्याच्या अभियंता मंडळालाही लिहून कळवले. मंडळाने गणित चूक की बरोबर हे पाहण्याऐवजी वेगळीच चौकशी केली. नोंदणी नसताना आपण अभियांत्रिकी केलीत आणि स्वतःला अभियंता म्हणवलेत, असा ठपका ठेवून २०१७ च्या जानेवारीत मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला. दिव्याचा दंड राहिला बाजूला, गणिताचा दंड बसला! ते न्यायालयात गेले. दंड परत मिळाला, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने निर्णय दिला की स्वतःला अभियंता म्हणण्यावर मंडळाने घातलेले बंधन अमेरिकेच्या राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. १९६० च्या निबंधाचे एक कर्ते मॅराड्युडिन तेव्हा हयात होते. त्यांनीही यार्लस्ट्रॉम यांची बाजू उचलून धरली. शेवटी २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअर्स या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत वळणाऱ्या गाड्यांसाठी विस्तारित समीकरण घेतले.

आपल्याकडे काय करता येते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, म्हणजे कलम १८४ मध्ये, स्पष्ट शब्दांत आले आहे. म्हणजे बाब किरकोळ नाही. पण कायद्याने नोंदीबद्दलही अटी घातल्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७ ए हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नवे करून घ्यायला हवे, असे तो सांगतो. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, तिच्यासोबत गाडीचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र, उपकरणाचे मापन, दिनांक, वेळ आणि ठिकाण द्यावे, असेही त्यात आहे.

२०२० च्या ऑक्टोबरअखेरीस नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. दंड मान्य असेल तर तेथे घरबसल्या भरता येतो. मान्य नसेल तर तसे कळवायचे, मग प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. तेथे ‘मला थांबता येत नव्हते’ हे नुसते वाक्य उपयोगी पडत नाही. रेघ ओलांडण्याची नेमकी वेळ, गाडीचा वेग, रस्त्याचा उतार आणि त्या चौकातल्या पिवळ्याचा काळ हे चार आकडे हवेत. पहिले दोन कॅमेऱ्याच्या नोंदीत असू शकतात. पिवळा किती सेकंदांचा ठेवला आहे, हे महानगरपालिकेला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून विचारता येते. सिग्नल कसे असावेत याबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसची १९८५ सालची ९३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. ती पाळली का, हेही त्याच अर्जात विचारावे.

गणित मांडताना गृहीत धरलेल्या गोष्टींवर मात्र बारीक नजर हवी. दिमित्री क्रियुकोव्ह हे तेव्हा सॅन दिएगोत काम करणारे एक भौतिकशास्त्रज्ञ. थांबण्याच्या पाटीपाशी थांबले नाहीत म्हणून त्यांना पोलिसाने पकडले. मी थांबलो होतो, पण शिंक आल्याने ब्रेक जोरात लागला, शिवाय नेमक्या त्या क्षणी दुसरी मोटार मध्ये आली, असे त्यांचे म्हणणे. बाजूने पाहणाऱ्याला गाडीचा खरा वेग नव्हे, कोनीय वेग दिसतो, असा चार पानी निबंध त्यांनी लिहिला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तारीख पाहा, १ एप्रिल! दंड रद्द झाला. पण त्यात मोटारीचे मंदन आणि त्वरण दोन्ही १० मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद धरले आहे. या त्वरणाने निघालेली मोटार २.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरवर पोहोचेल. निबंधातली मोटार घरगुती वापराची छोटी गाडी होती. तेव्हा ठरवा.

तुम्ही करून पाहा

नांदेडला किंवा लातूरला गेलात तर पदपथावर उभे राहून, रस्त्यावर न उतरता, एखाद्या सिग्नलचे मोबाइलवर चित्रण करा. चित्रण सेकंदाला ३० चित्रांचे असेल तर घरी येऊन एकेक चित्र पुढे सरकवत पिवळी चित्रे मोजा. ९० भरली तर तीन सेकंद, ७५ भरली तर अडीच. निदान पाच वेळा मोजून सरासरी काढा. चौकाच्या चारी बाजूंचा काळ सारखाच आहे का, तेही पाहा. शिक्षकांनी शाळेच्या पटांगणात चुन्याची रेघ आखून सायकलचे थांबण्याचे अंतर मोजून घ्यावे. त्यावरून प्रत्येक सायकलचे मंदन काढता येते. कोरड्या आणि ओल्या जमिनीवर येणारा फरक पाहून मुले चकित होतात.

आणि हे एक उदाहरण वहीत सोडवा. अकरा मीटर लांबीची एस. टी. ताशी ३६ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावरून चौकाकडे येत आहे. चालकाचा प्रतिक्रियाकाळ १ सेकंद, मंदन ३ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद, चौकाची रुंदी १९ मीटर. पिवळा किती सेकंद हवा? तो संपल्यावर, बसचा मागचा बंपर चौकाबाहेर पडेपर्यंत, चारी बाजूंचे दिवे एकदम लाल किती सेकंद ठेवावेत? दुसरे उत्तर पूर्णांकात येते. पहिले येत नाही.